स्लाइडवरील आकड्यांचे रकाने एका रेषेत कसे आणावेत

सादरीकरणातील आकड्यांचा तक्ता आपल्या संगणकावर नीट दिसतो आणि बैठकीच्या दालनातल्या पडद्यावर गेला की विस्कटतो, अशी तक्रार नेहमी कानावर येते. फाइल उघडून पाहिली की कारण बहुधा एकच निघते: आकडे स्पेसबार दाबून जागेवर आणलेले असतात. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा, किंवा जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीच्या आदल्या रात्री, असे तक्ते घाऊक प्रमाणात तयार होतात. नवी फाइल जुन्याच फाइलवर नवे नाव देऊन बेतलेली असल्याने जुनी चूकही सोबत येते.

शाळेत उभी बेरीज मांडताना एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक यावा लागतो. पडद्यावरच्या रकान्याकडूनही तेवढेच हवे असते. ते साधण्यासाठी आकड्यांची एकसारखी मांडणी, अंकांची समान रुंदी आणि उजवे संरेखन (आकडे रकान्याच्या उजव्या कडेला लावणे) या तीन गोष्टी याच क्रमाने कराव्या लागतात. बहुतेक जण तिसरीपासून सुरुवात करतात आणि मग पहिल्या दोन गोष्टींची उणीव हाताने भरून काढत बसतात. पुढील टप्पे विंडोजवरील पॉवरपॉइंट धरून लिहिले आहेत. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये आज्ञांच्या जागा थोड्या वेगळ्या असल्या तरी क्रम हाच राहतो.

पूर्वतयारी: स्लाइड उघडण्यापूर्वी घ्यायचे निर्णय

पहिला निर्णय एककाचा. संपूर्ण तक्ता रुपयांत, हजारांत, लाखांत की कोटींत हे आधी ठरवावे आणि ते तक्त्याच्या डोक्यावर उजवीकडे एकदाच लिहावे: ‘रुपये लाखांत’. एका ओळीत ‘१.२५ कोटी’ आणि खालच्या ओळीत ‘९८ लाख’ असे लिहिलेले आकडे कोणत्याही युक्तीने एका रेषेत येत नाहीत, कारण ते मुळात एका मापाचेच नसतात.

दुसरा निर्णय दशांश स्थळांचा. नियोजनाच्या तक्त्यात मंजूर नियतव्यय (ठरवून दिलेली रक्कम), प्राप्त तरतूद, वितरित निधी, झालेला खर्च आणि खर्चाची टक्केवारी असे रकाने असतात. रक्कम लाखांत असेल तर दोन दशांश स्थळे पुरतात आणि टक्केवारीला एक पुरते. कोणत्या रकान्याला किती स्थळे हे कागदावर लिहून ठेवावे. रकान्यागणिक संख्या वेगळी असली तरी चालते. मात्र एकाच रकान्यात ती बदलता कामा नये.

तिसरा निर्णय रिकाम्या जागांचा. निधी मिळालाच नाही, माहिती आलेली नाही आणि बाब लागूच होत नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्याला ‘०.००’, माहिती अप्राप्त असल्यास आडवी रेघ आणि लागू नसल्यास ‘ला.ना.’ असा काहीतरी नियम ठरवावा आणि तक्त्याखाली एका ओळीत नोंदवावा. सेल कोरा सोडू नये. कोऱ्या सेलवर हमखास प्रश्न येतो.

टप्पा १: आकडे एक्सेलमध्येच स्वच्छ करणे

संरेखनाचे निम्मे काम येथेच होते. स्लाइडवर चिकटवताना एक्सेलमधील मूळ संख्या जात नाही, सेलमध्ये जे दिसते तेच मजकूर म्हणून जाते. त्यामुळे दशांश स्थळे, स्वल्पविराम आणि उणे चिन्ह हे सर्व एक्सेलमध्येच अंतिम स्वरूपात आणावे.

स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने पडत नसतील, म्हणजे बारा लाखांची रक्कम १,२३४,५६७ अशी दिसत असेल, तर दोष एक्सेलचा नसून विंडोजच्या सेटिंगचा असतो. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन’ उघडावे, ‘अॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये जावे आणि ‘डिजिट ग्रुपिंग’ येथे लाख-कोटीचा नमुना निवडावा. त्यानंतर तीच रक्कम १२,३४,५६७ अशी दिसू लागते. हाताने स्वल्पविराम टाइप करणे हा उपाय नव्हे; तसे केल्यास एक्सेल त्या सेलला मजकूर समजण्याचा धोका असतो, आणि मग बेरजेतून तो सेल गुपचूप गळतो.

यानंतर सेलचे स्वरूप ‘नंबर’ ठेवावे, ‘अकाउंटिंग’ ठेवू नये. अकाउंटिंग स्वरूपात आकड्याच्या आजूबाजूला जागा राखलेली असते आणि शून्याच्या जागी आडवी रेघ येते. स्लाइडवर चिकटवल्यावर ती राखीव जागा प्रत्यक्ष स्पेस बनून आकड्याला चिकटते, आणि पुढे उजवे संरेखन देऊनही कडा दातेरी का दिसते हे कोणाला उमगत नाही.

रक्कम लाखांत आणताना नुसती दशांश स्थळे कमी करायची की ‘राउंड’ सूत्राने संख्याच पूर्णांकित करायची, याचाही विचार येथेच करावा. समजा तीन बाबींचा खर्च ४१.४, ३२.४ आणि २६.४ आहे. बेरीज १००.२ होते. दशांश काढून टाकल्यावर पडद्यावर ४१, ३२, २६ आणि एकूण १०० दिसते. मात्र समोरचा माणूस तोंडी बेरीज करतो तेव्हा ती ९९ भरते. बैठकीत अशी बेरीज करणारा एकजण असतोच. माझ्या मते एकूण बदलू नये. तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरजेत किंचित फरक संभवतो’ एवढे लिहावे.

खबरदारी: एक्सेलमधील रकाना अरुंद असल्यामुळे आकड्याऐवजी ‘####’ अशी चिन्हे दिसत असतील, तर स्लाइडवरही तीच चिन्हे उतरतात. नक्कल करण्यापूर्वी सर्व रकाने पुरेसे रुंद करून घ्यावेत.

टप्पा २: अंकांची लिपी आणि फॉन्ट ठरवणे

देवनागरी अंक वापरायचे की इंग्रजी, याचा निर्णय कार्यालयाच्या रिवाजाप्रमाणे घ्यावा. पण एका तक्त्यात दोन्ही येऊ देऊ नयेत. मजकूर मराठी आणि आकडे एक्सेलमधून आलेले इंग्रजी, आणि शेवटच्या क्षणी हाताने दुरुस्त केलेला एखादा आकडा तेवढा देवनागरी, असे मिश्रण वारंवार आढळते. इंग्रजी अंकांना एक फॉन्ट लागू होतो आणि देवनागरीला दुसरा, त्यामुळे उंची आणि रुंदी दोन्ही बदलतात.

फॉन्ट निवडताना अक्षरांचे सौंदर्य न पाहता अंकांची रुंदी पाहावी. काही फॉन्टमध्ये सर्व अंक समान रुंदीचे असतात, तर काहींत एकचा आकडा अरुंद आणि आठचा रुंद असतो. कॅलिब्री आणि एरियलमधील इंग्रजी अंक समान रुंदीचे आहेत. जॉर्जियाचे अंक मात्र जुन्या वळणाचे असून काही ओळीच्या खाली उतरतात, काही बुटके राहतात. तो फॉन्ट परिच्छेदात शोभतो, तक्त्यात नाही. देवनागरी फॉन्टच्या बाबतीत नावावर न जाता पुढील परीक्षा घ्यावी.

तपासणी: स्लाइडवरील मजकूर चौकटीत एका ओळीत ‘११११११’ आणि तिच्याखाली ‘८८८८८८’ असे लिहावे, दोन्ही ओळी डावीकडून सुरू कराव्यात आणि उजवे टोक जुळते का ते पाहावे. जुळले नाही तर तो फॉन्ट तक्त्यासाठी बाद. हीच परीक्षा गडद अक्षरांतही घ्यावी. अनेक फॉन्टमध्ये गडद अंक साध्या अंकांहून रुंद असतात, त्यामुळे ‘एकूण’ची ओळ गडद केली की तिची उजवी कडा जुळते, परंतु स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह वरच्या ओळींपासून सरकतात. अशा वेळी फक्त ‘एकूण’ हा शब्द गडद करावा, आकडे साधे ठेवावेत आणि ओळीच्या वर एक रेघ ओढावी.

युनिकोडपूर्व काळातील फॉन्ट, म्हणजे कृतिदेवसारखे, सादरीकरणात वापरूच नयेत. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे संपूर्ण तक्ता अर्थहीन अक्षरांचा होतो, आणि दालनातला संगणक आपला नसतो.

टप्पा ३: स्लाइडवर खरा तक्ता तयार करणे

‘इन्सर्ट’मधून ‘टेबल’ घ्यावे आणि आवश्यक तेवढे रकाने व ओळी निवडाव्यात. प्रत्येक रकान्यासाठी वेगळी मजकूर चौकट काढून त्या शेजारी शेजारी मांडणे ही दुसरी लोकप्रिय चूक आहे. एका चौकटीत कामाचे नाव लांबून दोन ओळींवर गेले की शेजारच्या चौकटीतील सगळे आकडे एका ओळीने वर राहतात, आणि अंगणवाडी बांधकामाचा खर्च जनसुविधेच्या कामासमोर दिसू लागतो. अशी चूक नजरेस न आल्यास ती केवळ दिसण्यापुरती राहत नाही.

एक्सेलमधील आकडे आणताना स्लाइडवरील तक्त्यात तेवढेच सेल निवडावेत आणि मग चिकटवावेत. उजव्या क्लिकवर दिसणाऱ्या पर्यायांपैकी स्लाइडची शैली वापरणारा पर्याय घ्यावा, म्हणजे एक्सेलमधला फॉन्ट आणि रंग सोबत येणार नाहीत. चित्र म्हणून चिकटवण्याचा मोह टाळावा. चित्र हलत नाही हे खरे, पण बैठकीच्या पाच मिनिटे आधी एक आकडा बदलण्याचा निरोप आला की हात बांधले जातात.

ओळींची संख्या आवरती ठेवावी. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. शीर्षक आणि एकूण धरून १६ ओळी एका स्लाइडवर बसवल्या तर मागच्या रांगेला काहीच वाचता येत नाही. सात-सात तालुक्यांच्या दोन स्लाइड कराव्यात. त्यासाठी पहिली स्लाइड पूर्णपणे जमवून घ्यावी आणि नंतर डाव्या पट्टीत तिच्यावर कंट्रोल व डी ही कळ वापरून तिची प्रत काढावी. दुसरी स्लाइड नव्याने बनवल्यास रकाने एखाद्या मिलिमीटरने सरकतात आणि स्लाइड बदलताना सगळे आकडे उडी मारल्यासारखे दिसतात.

टप्पा ४: संरेखन देणे

आता संरेखनाची वेळ. कामाचे किंवा तालुक्याचे नाव असलेला रकाना डावीकडे ठेवावा. आकड्यांचा संपूर्ण रकाना निवडून कंट्रोल व आर दाबावे, म्हणजे तो उजवीकडे जातो. अनुक्रमांकाचा रकाना मधोमध ठेवला तरी हरकत नाही, कारण त्याची कोणी बेरीज करत नाही.

आकडे मधोमध ठेवण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. ९८.५०, १,२०४.०० आणि ७.२५ हे तीन नमुना आकडे मधोमध ठेवून पाहावेत. तिन्ही एकाच अक्षावर तोललेले दिसतात, त्यामुळे १,२०४ मधला हजार आणि ७ मधला एकक यांच्यातला फरक डोळ्याला जाणवत नाही. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे वाचावा लागतो. तेच आकडे उजवीकडे आणले की मोठी रक्कम डावीकडे बाहेर आलेली एका नजरेत कळते.

रकान्याचे शीर्षकही त्याच्या आकड्यांप्रमाणे उजवीकडेच असावे. शीर्षक मधोमध आणि आकडे उजवीकडे ही जोडी रुंद रकान्यात फार खटकते, आणि बघणाऱ्याला कोणते शीर्षक कोणत्या आकड्याचे हे शोधावे लागते.

येथे एक अडचण येते. रकाना रुंद असेल तर उजवीकडचे आकडे पुढच्या रकान्याच्या भिंतीला चिकटतात. त्यावर काही जण पुन्हा मधोमध संरेखन करतात, आणि केलेले काम पाण्यात जाते. संरेखन उजवेच ठेवावे आणि ‘लेआउट’मधील ‘सेल मार्जिन्स’ येथे उजव्या बाजूची जागा वाढवावी. मूळ जागा सुमारे पाव सेंटिमीटर असते. ती अर्धा ते एक सेंटिमीटर केली की आकड्यांचा अख्खा गठ्ठा एकत्र आत सरकतो आणि आपसांतली रेषा मोडत नाही. शीर्षकाच्या सेललाही तेवढीच जागा द्यावी.

उभ्या दिशेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. योजनेचे नाव दोन ओळींचे झाले की मूळ सेटिंगमध्ये त्यासमोरचा आकडा वरच्या ओळीला टांगलेला राहतो. सर्व सेल निवडून उभे संरेखन मध्यावर आणावे. मंगलसारख्या फॉन्टमध्ये ओळींमधील अंतर मुळातच अधिक असते, त्यामुळे मराठी नाव आणि इंग्रजी अंक एकाच ओळीत असताना हा फरक अधिक उठून दिसतो.

रकान्यांची रुंदी शेवटी समान करावी. आकड्यांचे रकाने तेवढे निवडून ‘डिस्ट्रिब्यूट कॉलम्स’ द्यावे. नावाचा रकाना त्यात घेऊ नये, अन्यथा तोही आकसतो आणि सगळी नावे दोन-दोन ओळींची होतात.

तपासणी: ऑल्ट व एफ ९ या कळीने मार्गदर्शक रेषा दाखवावी, ती आकड्यांच्या उजव्या कडेवर सरकवावी आणि पडदा चारपट मोठा करून वरपासून खालपर्यंत पाहावे. एखादा आकडा रेषेपासून आत राहिला असेल तर त्याच्या शेवटी नक्की स्पेस आहे. कर्सर आकड्याच्या टोकाशी नेऊन डिलीट दाबावे.

टप्पा ५: दशांशचिन्ह जुळवणे

पूर्वतयारीत सांगितल्याप्रमाणे एका रकान्यात दशांश स्थळे समान ठेवली असतील तर हा टप्पा आपोआप पूर्ण झालेला असतो. उजवी कडा जुळली की दशांशचिन्हही जुळते. दशांश टॅबची (आकडे दशांशचिन्हावर जुळवणाऱ्या टॅबची) गरज क्वचितच पडते, आणि ती नसताना तो वापरणे म्हणजे काम वाढवणे होय.

तरीही काही वेळा एकाच रकान्यात वेगवेगळ्या दशांश स्थळांचे आकडे ठेवणे अपरिहार्य असते, उदाहरणार्थ पाण्याच्या तपासणीच्या अहवालात ७.२ आणि ०.०३५ हे एकाखाली एक येतात, आणि तेथे नसलेली अचूकता दाखवण्यासाठी शून्ये जोडणे चूक ठरते. अशा वेळी क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम त्या सेलचे संरेखन पुन्हा डावे करावे, कारण उजव्या संरेखनात टॅब अपेक्षेप्रमाणे वागत नाही. ‘होम’मधील ‘पॅराग्राफ’ची चौकट उघडून ‘टॅब्ज’वर जावे, अंतर लिहावे, प्रकार ‘डेसिमल’ निवडावा आणि ‘सेट’ दाबावे. त्यानंतर प्रत्येक आकड्याच्या आधी कर्सर ठेवून कंट्रोल व टॅब एकत्र दाबावे. नुसते टॅब दाबल्यास कर्सर पुढच्या सेलमध्ये उडी मारतो, आणि तेथेच अनेकांचा प्रयत्न फसतो.

खबरदारी: देवनागरी अंकांसह दशांश टॅब वापरायचा असल्यास आधी दोनच ओळींवर प्रयोग करून पाहावा, आणि मगच सगळा रकाना हाती घ्यावा.

टप्पा ६: आकड्याला चिकटणाऱ्या चिन्हांचा बंदोबस्त

उजवी रेषा जुळल्यावरही ती मोडणारी चिन्हे उरतात. टक्क्याचे चिन्ह प्रत्येक आकड्यानंतर लावण्याऐवजी शीर्षकात ‘खर्च, टक्के’ असे लिहावे. रुपयाचे चिन्हही शीर्षकातच असावे. निवडलेल्या फॉन्टमध्ये ते नसेल तर संगणक दुसऱ्या फॉन्टमधून ते उसने आणतो आणि ते बेढब दिसते.

कंसातील ऋण आकडा सर्वांत त्रासदायक. लेखाविभागाच्या सवयीने तूट कंसात लिहिली की बंद होणारा कंस उजव्या कडेवर बसतो आणि आकडा एका कंसाच्या रुंदीने आत ढकलला जातो. सादरीकरणात आकड्याच्या आधी उणे चिन्ह द्यावे. ते डावीकडे असल्याने उजव्या रेषेला धक्का लागत नाही. जोडरेघेऐवजी ‘इन्सर्ट’मधील ‘सिम्बॉल’ येथून खरे उणे चिन्ह घेतल्यास ते दुरूनही दिसते. तुटीचा आकडा निव्वळ लाल रंगावर सोडू नये.

टिपेसाठी आकड्याला तारांकित करण्याची रीत आहे. ती तारका आकड्याला न लावता त्या ओळीच्या नावाला लावावी. एखाद्या विशिष्ट आकड्यालाच लावणे भाग असेल तर ती आकड्याच्या डाव्या बाजूस ठेवावी.

टप्पा ७: पडद्यावरची परीक्षा

आकड्यांचा आकार १८ पॉइंटपेक्षा कमी नसावा. तेवढ्यात तक्ता मावत नसेल तर रकाने कमी करावेत. प्राप्त तरतूद आणि वितरित निधी सर्व ओळींत सारखेच असतील तर त्यातला एक रकाना तक्त्याखालील टिपेत हलवता येतो. ओळींमधल्या रेघा फार फिकट ठेवू नयेत. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी पडदे ओढूनही दालनात एवढा उजेड असतो की प्रोजेक्टरवर फिकट राखाडी रेघ शिल्लकच राहत नाही.

फाइल दुसऱ्या संगणकावर न्यायची असल्यास ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या क्रमाने जाऊन फाइलमध्ये फॉन्ट समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा. ज्या फॉन्टच्या परवान्यात त्याला मुभा नाही तो या मार्गाने जात नाही, म्हणून सोबत पीडीएफ प्रतही काढावी. दालनातील संगणकावर फाइल उघडल्यावर प्रथम सर्वाधिक आकडे असलेली स्लाइड पाहावी, पहिल्या पानावर समाधान मानू नये. ‘एकूण’च्या ओळीतील स्वल्पविराम वरच्या ओळींच्या स्वल्पविरामांखाली आले नसतील तर तेथे फॉन्ट बदललेला आहे, दुरुस्तीला वेळ नसल्यास पीडीएफ उघडून त्यावरूनच सादरीकरण करावे.

शेवटच्या क्षणी आकडा बदलावा लागला तर तो बदल एक्सेलमध्ये करून पूर्ण रकाना पुन्हा आणावा. एकच आकडा स्लाइडवर हाताने बदलल्यास ‘एकूण’ जुनेच राहते, कारण स्लाइडवरील तक्ता स्वतःहून बेरीज करत नाही.